आटे आवळतात, गळती सीट थांबवते: धातूवर धातू बसवून बूच बंद करण्याची गोष्ट

रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह ज्यांच्या घरात होता, त्यांना त्याची ती छोटी पितळी चावी आठवत असेल. स्टोव्ह विझवायचा म्हणजे चावी अर्धा फेरा सैल करायची. फुस्स करत टाकीतली हवा निघून जायची आणि ज्योत बसायची. चावी काही हातात निघून येत नसे, तिचे आटे अजून भोकात गुंतलेलेच असत. तरी हवा बिनदिक्कत बाहेर पडे. पुन्हा चावी घट्ट केली, पंप मारला, की तीच हवा जागची हलत नसे.

त्या चावीचं टोक निमुळतं, शंकूसारखं असे. ते आतल्या भोकाच्या काठावर टेकलं की हवा अडायची, आणि केसभर उचललं गेलं की सुटायची. आटे दोन्ही वेळेला होते तिथेच होते. म्हणजे हवा अडवण्याचं काम ते करतच नव्हते. ते फक्त टोकाला दाबून धरत होते.

आट्यांचं बूच, म्हणजे थ्रेडेड प्लग, धातूवर धातू बसवून बंद करायचं असेल तर सगळी रचना याच एका गोष्टीवर उभी राहते: जोर आटे देतात, अडवते सीट, म्हणजे बूच जिथे टेकतं ती जागा. ही दोन कामं ज्याच्या ड्रॉइंगवर वेगळी दिसत नाहीत, त्याचं बूच आज ना उद्या पाझरतं. मी कारखान्यात रोज ज्या हायड्रॉलिक ब्लॉकमध्ये हात घालतो, त्याच्याच उदाहरणाने सांगतो.

हायड्रॉलिक ब्लॉक म्हणजे लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी ठोकळा. त्याच्या पोटात तेलाच्या वाटा असतात. ठोकळ्याच्या पोटात ड्रिल वाकवून नेता येत नाही, म्हणून बाहेरून सरळ भोकं मारायची, ती आत एकमेकांना मिळवायची आणि बाहेरची नको असलेली तोंडं बुचाने बंद करायची. एका मध्यम ब्लॉकला अशी दहा-बारा बुचं सहज लागतात. आत तेल ३५० बार दाबाचं असू शकतं. ट्रकच्या टायरमधली हवा आठ-नऊ बार असते, यावरून अंदाज यावा.

फुटपट्टीएवढा बोगदा

आटे घट्ट आवळले की दोन्हीकडच्या आट्यांचे उतार एका बाजूने टेकतात. दुसऱ्या बाजूला, माथ्याला आणि तळाला फट राहते. ती ठेवावीच लागते, नाहीतर बूच फिरणारच नाही. ही फट आट्यांबरोबर गोल गोल फिरत थेट बाहेर येते. पाव इंची बीएसपी, म्हणजे पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश माप, घ्या (पाव इंच हे पाइपचं नाव, आट्यांचा व्यास नव्हे): बाहेरचा व्यास १३.१५७ मिमी, इंचाला १९ आटे. आठ आटे गुंतले, तर त्या फटीची उलगडलेली लांबी साधारण ३० सेंटीमीटर भरते, शाळेतल्या फुटपट्टीएवढी. तेलाला हा बोगदा कितीही लांब वाटला तरी बंद नाही.

प्लंबर हा बोगदा भरून टाकतो. पूर्वी सुतळी आणि सफेदा, आता टेफलॉन टेप. घरच्या नळाला ते चालतं. कोन असलेले आटे, म्हणजे अमेरिकन पाइपच्या एनपीटी आट्यांसारखे, १६ला १ या प्रमाणात निमुळते असतात आणि पाचरीसारखे घुसतात, तरी त्यांनाही सहसा काहीतरी भरणं लागतंच. शिवाय पाचर म्हटली की ती फोडते. ॲल्युमिनियमच्या किंवा बिडाच्या पातळ भिंतीत एनपीटी बूच ‘अजून थोडं’ म्हणत आवळलं की तडा ठरलेला. टेपचा एखादा तुकडा तेलात गेला तर व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आत सरकणारा दांडा, अडकतो, तो त्रास वेगळाच. उच्च दाबाच्या नव्या कामात मी हे आटे घेत नाही.

सरळ आटे आणि रबराची ओ-रिंग हा उत्तम मार्ग आहे, आणि जिथे ओ-रिंग चालते तिथे तीच वापरावी, असं मी अगदी मनापासून सांगेन. रबर चुका पोटात घालतं: थोडा ओरखडा, थोडा वाकडेपणा, थोडं ढिलं आवळणं. धातू यातलं काही पोटात घालत नाही. पण साधं नायट्राइल रबर १०० अंशांच्या पुढे कडक होत जातं, फ्लुओरोकार्बन रबर २०० अंशांच्या आसपास थकतं, कडाक्याच्या थंडीत रबराचा ताण मरतो, उच्च दाबाचा वायू रबरात मुरतो आणि दाब एकदम उतरवला की आतून फोड येतात. अशा ठिकाणी धातूवर धातू बसवायचा.

दाबल्याशिवाय धातू जवळ येत नाही

लेथवर झकास फिनिश काढलेला पृष्ठभाग बोटाला आरशासारखा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो नांगरलेलं शेत दिसतो. ०.८ मायक्रॉन आरए, म्हणजे सरासरी खडबडीतपणा, हे सीलसाठी चांगलं फिनिश मानलं जातं, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तरीही त्या शेतात सऱ्या आहेतच. असे दोन पृष्ठभाग नुसते टेकवले तर ते मोजक्या उंचवट्यांवर उभे राहतात आणि मधून तेलाला मोकळी वाट असते. अडवायचं असेल तर ते उंचवटे चेपले गेले पाहिजेत. दोघांपैकी जो धातू मऊ, तो जागच्या जागी थोडा वाहून दुसऱ्याच्या सऱ्यांत भरला पाहिजे.

म्हणून धातूचं सील रुंद नसावं, अरुंद असावं. नवख्या माणसाला उलट वाटतं. जितकी जास्त जागा टेकेल तितकं चांगलं, असं तो म्हणतो आणि बुचाच्या डोक्याखालचा अख्खा चपटा भाग टेकवतो. तोच जोर मोठ्या जागेवर पसरला की कुठेच पुरेसा पडत नाही.

आकडे मांडू. पाव इंची बीएसपी बूच, डोक्याखाली १८ मिमी व्यासाची उभी धार. डीआयएन ३८५२ या जर्मन मानकामधल्या बी प्रकारची बुचं अशीच असतात, धारवाली. टॉर्क रेंचने, म्हणजे पिळाचा जोर मोजणाऱ्या पान्याने, ४५ न्यूटन-मीटर लावले. ढोबळ नियम असा, की टॉर्कला व्यासाने भागायचं आणि मग कोरड्या आट्यांसाठी ०.२ ने. जोर येतो सुमारे १७ हजार न्यूटन, म्हणजे पावणेदोन टनांच्या घरात. साध्या लोखंडात घुसणाऱ्या धारेखाली धातू त्याच्या यील्डच्या, म्हणजे ज्या ताणाला तो कायमचा चेपू लागतो त्याच्या, साधारण तिप्पट ताण घेतो आणि मग वाहतो. यील्ड २५० मेगापास्कल धरलं तर धार सुमारे ०.४ मिमी रुंदीची पट्टी पाडून थांबते. त्या पट्टीवर ७५० मेगापास्कल. तेल येतंय ३५ मेगापास्कलने, म्हणजे त्याच ३५० बारने. तेलाला वाट नाही.

पण तेल बूच उचलायलाही बघतं. धारेच्या आतल्या बाजूचे आटे गळके आहेत, हे आपण पाहिलंच. त्यामुळे दाब थेट धारेपर्यंत येतो आणि १८ मिमीच्या पूर्ण वर्तुळावर लागतो. हे क्षेत्रफळ २५४ चौरस मिमी, वर ३५ मेगापास्कल, म्हणजे ८,९०० न्यूटन. दिलेल्या १७ हजारांपैकी निम्म्याहून जास्त जोर तेलानेच खाल्ला. उरलेल्या आठ हजारांवर सील टिकतं, पण ७०० बारच्या कामाला हेच बूच नेलं तर काही उरत नाही.

इथेच आणखी एक गोष्ट. आट्यांना तेल लावलं तर तो ०.२ चा आकडा ०.१५ वर येतो आणि त्याच ४५ न्यूटन-मीटरमध्ये जोर जवळजवळ २३ हजार होतो. ड्रॉइंगवर टॉर्क लिहून ‘कोरडे’ की ‘तेल लावून’ हे न लिहिणं म्हणजे अर्धा आकडा लिहिणं.

डोक्याशी की टोकाशी?

आता स्टोव्हच्या चावीकडे परत येऊ. तिथे सीट डोक्याखाली नव्हती, टोकाशी होती. बुचाचं टोक शंकूसारखं करून भोकाच्या तळाशी बसवलं आणि सीलचा व्यास ७ मिमी ठेवला, तर दाब लागणारं क्षेत्रफळ ३८ चौरस मिमीवर येतं. ३५० बारला उचलणारा जोर होतो साडेतेराशे न्यूटन. डोक्याशी तो ८,९०० होता. व्यास निम्म्याहून कमी झाला, जोर साडेसहा पटींनी उतरला. शिवाय आटे तेलाच्या बाहेर, कोरडे राहतात. गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायचा ब्लीडिंग निपल असाच असतो: आतल्या टोकाला शंकू, आटे बाहेर. अर्धा फेरा सैल केला की ब्रेक ऑइल सुटतं, घट्ट केला की थेंब येत नाही. चार हजार बारच्याही पुढच्या दाबाची फिटिंग याच तत्त्वावर चालतात. त्यांत आट्यांच्या मागे मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सीट पाझरली तर तेल आट्यांवर न साठता त्या भोकातून दिसतं.

मग सगळीकडे टोकाशीच सील का करत नाहीत? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मिळालं. गरम तेलाच्या चाचणीसाठी ॲल्युमिनियमचा ब्लॉक केला होता, त्याला टोकाशी सील असलेली पोलादी बुचं. गार असताना दाब दिला, रात्रभर ठेवला, सगळं कोरडं. तेल ११० अंशांवर गेलं की दोन बुचांभोवती चमक यायची. ब्लॉक गार झाला की पुन्हा कोरडं. तिथले अनुभवी फिटर म्हणाले, “साहेब, हे गारठ्यात गप्प बसतंय आणि तापलं की रडतंय. आवळून काही व्हायचं नाही.” आम्ही तरीही आवळून पाहिलं. खरंच काही झालं नाही.

कारण साधं आहे, पण ते दिसायला बुचाकडे स्प्रिंग म्हणून बघावं लागतं. टोकाशी टेकलेलं बूच आटे आणि सीट यांच्यामध्ये दाबलेलं असतं. आटे ते पुढे ढकलतात, सीट मागे रेटते. ते किती दाबलं जातं? आट्यांपासून टोकापर्यंत २० मिमी लांबी, अंगाचं क्षेत्रफळ १०० चौरस मिमी, जोर १० हजार न्यूटन. पोलाद यात आखडतं साधारण साडेनऊ मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण जो सगळा ‘घट्टपणा’ भरला, तो केसाच्या सातव्या हिश्शाएवढ्या हालचालीत साठवलेला आहे.

आता ३० अंशांवरून ११० अंश. ॲल्युमिनियम अंशागणिक दर दशलक्ष भागांना २३ भाग वाढतं, पोलाद १२. त्या २० मिमी लांबीत ॲल्युमिनियम ३७ मायक्रॉन वाढलं, पोलाद १९. फरक साधारण १८ मायक्रॉन. सीट बुचाच्या टोकापासून १८ मायक्रॉन लांब गेली, आणि बूच सैल सुटून भरू शकत होतं साडेनऊ. आट्यांचा आणि ब्लॉकचा थोडा लवचीकपणा त्यात मिळवला तरी हिशेब जेमतेम बरोबरीत येतो. सीटवर जोर उरलाच नाही. गार झाल्यावर ॲल्युमिनियम आखडलं, जोर परत आला, गळती थांबली. फिटरमामांनी बोटांनी जे ओळखलं होतं ते कागदावर असं उतरलं.

डोक्याशी सील असतं तर उलट झालं असतं. तिथे बुचाची मान ताणलेली असते आणि ब्लॉक दाबलेला. ॲल्युमिनियम जास्त वाढलं की मान आणखी ताणली जाते, सील घट्ट होतं. पण तेही निर्धास्त नाही. तापलेल्या अवस्थेत धार ॲल्युमिनियममध्ये आणखी घुसते आणि गार झाल्यावर पहिल्यापेक्षा कमी जोर उरतो. असे दहा-वीस फेरे झाले की गारठ्यात पाझर सुरू होऊ शकतो.

आम्ही शेवटी बुचं पितळेची केली. पितळ ॲल्युमिनियमच्या बरंच जवळ वाढतं, १९ ते २० भाग. फरक १८ मायक्रॉनवरून पाच-सहावर आला. दुसरा फायदा तितकाच मोठा: पितळ पोलादाच्या निम्मंच ताठ आहे. त्याच १० हजार न्यूटनला ते २० मायक्रॉन आखडतं. साठवण दुप्पट, खर्च तिसरा हिस्सा. पोलादच हवं असेल तर आटे आणि टोक यांच्यामधली मान ८ मिमीची बारीक करा. क्षेत्रफळ निम्मं होतं आणि तेवढ्याच जोराला आखडणं दुप्पट. आखूड, जाडजूड बूच दिसायला भक्कम, पण त्यात स्प्रिंग नसते. सीटवरचे उंचवटे काही दिवसांत दोन-तीन मायक्रॉन आणखी चेपले गेले तरी त्याचा जोर भराभर उतरतो. या कामात बारीक मान हीच ताकद आहे.

शंकू, आणि तो सरळ बसण्याचा प्रश्न

शंकूचा कोन किती? जितका निमुळता, तितकी पाचर बळकट. दोन बाजूंमधला कोन ६० अंश असेल तर घर्षण सोडून सीटवर लंब जोर आवळण्याच्या दुप्पट होतो, २० अंश असेल तर पावणेसहा पट. मोह होतो, पण तोच जोर भोकाची भिंतही फाकवतो. आणि कोन फार कमी झाला की बूच घर्षणानेच अडकून बसतं, आटे सैल केले तरी निघत नाही. म्हणून ६० अंशांच्या आसपास राहणं शहाणपणाचं.

नर आणि मादी शंकूंचे कोन मुद्दाम एकसारखे ठेवत नाहीत. सीट ६०, बूच ५९. एवढ्या एका अंशाने बूच सीटला पहिल्यांदा सगळ्यात आतल्या, लहान व्यासाच्या कडेशी टेकतं. म्हणजे रेषेवर टेकलं, आणि तेही तेलाच्या अगदी तोंडाशी. दोन्ही कोन ६० लिहिले असते, तर मशीनच्या चुकीने एखाद्या तुकड्यात बाहेरची कडा आधी टेकली असती आणि दाबाचं वर्तुळ वाढलं असतं.

भोकाच्या तळाशी ड्रिलच्या टोकाने आपसूक पडलेला ११८ अंशांचा शंकू सीट म्हणून वापरायचा मोह मी अनेक ड्रॉइंगवर पाहिला आहे. ड्रिल गोल शंकू पाडत नाही. थरथरीने त्याला पाकळ्या पडतात. गोल बुचाने पाकळ्यांचं भोक बंद होत नाही. सीट वेगळ्या टूलने काढावी, आणि आटे पाडले त्याच पकडीत काढावी. ब्लॉक उलटा करून पुन्हा बांधला की आट्यांचा आणि सीटचा मध्य एकावर एक राहत नाही.

आणि मध्य थोडा चुकणारच, हे धरून आटे जरा सैल ठेवावेत. हेही उफराटं वाटतं. आटे घट्ट मापाचे असले तर ते बुचाला आपल्याच रेषेत धरून ठेवतात आणि शंकू एका बाजूनेच टेकतो. आटे सैल असले तर शंकू स्वतःच सरकून सीटच्या मध्यावर येतो. टोक शंकूऐवजी गोळ्यासारखं केलं तर थोडं तिरकं बसूनही त्याची रेषा पूर्ण गोल राहते.

फिनिशचं मी एकच सांगेन. ओरखड्याची खोली महत्त्वाची आहेच, पण दिशा जास्त. टूलच्या गोल खुणा सीलच्या रेषेबरोबर फिरतात, त्या तेलाला लगेच बाहेर काढत नाहीत. आतून बाहेर जाणारा एक आडवा ओरखडा मात्र सरळ नाली असतो. स्वच्छ सीटवर बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कुसळं, काढायला कोणी पॉलिश पेपर आडवा फिरवला की चांगलं काम बिघडतं. आणि बूच सीटवर फिरतच टेकतं, त्यामुळे शेवटचा पाव फेरा म्हणजे घासणं आहे. स्टेनलेसवर स्टेनलेस असेल तर तिथे धातू धातूला ओरबाडून चिकटतो, आटे तर जाम होतातच. दोन वेगळ्या कडकपणाचे धातू घ्यावेत, अँटिसीझ, म्हणजे धातू चिकटू न देणारी पेस्ट, लावावं, आणि फारच जोखमीचं काम असेल तर टोक वेगळं आणि आवळणारा नट वेगळा करावा, म्हणजे नट फिरतो, टोक नुसतं पुढे सरकतं. मऊ कोण असावं याचं उत्तर किमतीत आहे: ब्लॉक हजारोंचा, बूच काही रुपयांचं. खूण बुचावर पडू द्या. धारवाल्या बुचात हे साधत नाही. धार ब्लॉकमध्येच चर पाडते, आणि पुढचं बूच त्याच चरात बसेल याची खात्री नसते. वारंवार उघडायचं तोंड असेल तर तिथे तांब्याचा वायसर बरा. दरवेळी नवा घालावा, किंवा जुना लालसर तापवून मऊ करून घ्यावा.

बसवण्याआधी टोकाला निळ्या खूण-रंगाचा पातळ हात देऊन बूच हलकेच टेकवून काढून पाहावं. सीटवर अखंड निळी कडी उमटली पाहिजे. एक मिलिमीटरही तुटली असेल तर टॉर्क वाढवून ती जुळत नाही. मग दाबाची चाचणी, सहसा चालू दाबाच्या दीडपट. तेल अडलं म्हणजे वायू अडेल असं समजू नये. वायूसाठी ब्लॉक पाण्यात बुडवून बुडबुडे बघावे लागतात, आणि आणखी बारीक काम असेल तर हेलियम लागतो. भोसरीच्या त्या ब्लॉकनंतर मी चाचणीच्या कागदावर तीन ओळी लिहितो: गार असताना, तापलेला असताना, आणि पुन्हा गार झाल्यावर. तिन्हींच्या पुढे सही लागते.